नवा मासा टिकत नाही, डॅमसेल मात्र ठणठणीत: मरीन टँकमधल्या दांडगाईवर उपाय

"अण्णा, नवीन सोडलेला परत मेला की. निळा मात्र मजेत फिरालाय."

बेळगावच्या आसपास निपाणी, खानापूर, शहापूर, अनगोळ, फोन कुठूनही येवो, खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा हीच असते. टँक लावून काही महिने झालेले असतात. सुरुवातीला घेतलेला निळा किंवा काळा-पांढरा डॅमसेल, म्हणजे प्रवाळांत राहणारा छोटा, चिवट समुद्री मासा, धडधाकट असतो. त्यानंतर आणलेला क्लाऊन, गोबी, फायरफिश, जो कोणी असेल तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. पाणी तपासलं तर चांगलं निघतं. मग पुन्हा पैसे घालून नवा मासा आणला जातो आणि पुन्हा तेच होतं.

या दुखण्याचं मूळ बहुधा मासे सोडण्याच्या क्रमात असतं. ज्याला सगळ्यांत शेवटी सोडायला हवं, त्याला आपण सगळ्यांत आधी सोडतो. पण डॅमसेलवर ठपका ठेवण्याआधी खात्री करून घ्या. कधी कधी त्याचा काही दोष नसतो, आणि त्याला काढून टाकल्यावरही मासे मरत राहतात.

मासा कितव्या दिवशी गेला?

मी आधी हाच प्रश्न विचारतो. मासा पहिल्या एक-दोन दिवसांतच गेला असेल, तर संशय प्रवासावर घ्या. आपल्याकडे समुद्री मासा येतो तो बेंगळुरू, मुंबई नाहीतर चेन्नईहून, रात्रभराच्या बसनं किंवा पार्सलनं. बंद पिशवीत मासा श्वास घेत राहतो, पाण्यात कार्बन डायऑक्साईड साठतो आणि पीएच खाली येतो. त्याच पाण्यात माशानं टाकलेला अमोनियाही असतो, पण पीएच कमी असेपर्यंत त्यातला बहुतेक भाग कमी विषारी अशा अमोनियम रूपात राहतो. पिशवीचं तोंड उघडलं की कार्बन डायऑक्साईड उडून जातो, पीएच चढतो आणि तेच अमोनियम विषारी अमोनिया होतं. त्यामुळे लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून, नळीनं थेंब-थेंब पाणी सोडत तासभर वाट बघणं त्याच्या जिवावर बेतू शकतं. बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या. मग पिशवी उघडून मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका.

दुसरी गोष्ट खारटपणाची. अनेक विक्रेते पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०१८ ते १.०२० च्या आसपास ठेवतात. त्यात मीठही वाचतं आणि परजीवीही थोडे दबून राहतात. आपल्या टँकमध्ये ते १.०२५ असतं. कमी खारट पाण्यातून एकदम जास्त खारट पाण्यात गेलेला मासा आतून सुकत जातो. उलट दिशेचा बदल त्यामानानं सोसतो. पिशवीतलं पाणी आधी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, बघा. फरक मोठा असेल तर क्वारंटाईनच्या छोट्या टँकमध्ये पिशवीइतकाच खारटपणा ठेवून मासा तिथं सोडा आणि रोज ०.००१ ते ०.००२ इतकंच वाढवत न्या.

सगळेच मासे एकाच वेळी वर येऊन धापा टाकत असतील, तर कारण ऑक्सिजन किंवा तापमान. मासा दोन-तीन आठवड्यांनी गेला आणि जाण्याआधी अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके किंवा पिठासारखी बारीक पूड दिसली, कल्ले भराभर हलत होते, तर तो रोग. मात्र मासा तीन ते दहा दिवसांत गेला, पाणी ठीक होतं, अंगावर ठिपके नव्हते, पण शेपटीचे आणि पाठीच्या पंखांचे तुकडे पडले होते, जागोजागी खवले निघाले होते, तर दांडगाई झाली असं धरून चाला.

आणखी एक. "डॅमसेल जिवंत आहे म्हणजे पाणी चांगलं आहे" हे गणित चुकीचं आहे. डॅमसेल ज्या अमोनियात तग धरतो, त्याच अमोनियात नाजूक मासा कल्ले जळून मरतो. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्यच दिसले पाहिजेत. पाणी चांगलं की वाईट, हे किटनं सांगावं. डॅमसेलच्या तब्येतीवरून ते ठरवू नका.

दांडगाई ओळखायची कशी

टँकसमोर उभं राहून ती दिसत नाही. माणूस जवळ आला की मासे खाण्याच्या आशेनं पुढे येतात आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबतं. मोबाईल स्टुलावर टेकवून व्हिडिओ चालू करा आणि खोलीबाहेर जा. सकाळी लाईट लागल्यानंतरचा आणि संध्याकाळी बंद होण्याआधीचा अर्धा तास जास्त बोलका असतो. घरात आजी असतील, टँकच्या समोर बसून भाजी निवडत असतील किंवा शेंगा सोलत असतील, तर त्यांना विचारा. शहापूरच्या एका घरात मुलगा आणि बाप पाण्याचे रिपोर्ट काढत बसले होते, आणि आजींनी सरळ सांगितलं, "तो शेपटीचा पिवळा काय करत नाही बघ. तो दगडाखालचा निळा हाय, तो मारालाय. जेवायला आला की मारतोय." आजींचं निरीक्षण बरोबर होतं. निळा ज्या पट्ट्यात मारत होता, त्यात तो दगड आणि खाणं पडण्याची जागा दोन्ही येत होत्या.

मार खाणारा मासा वरच्या कोपऱ्यात पृष्ठभागाजवळ तिरका उभा राहतो, नाहीतर हीटरच्या मागे, ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर नेणाऱ्या कप्प्याच्या) जाळीला चिकटून. खाणं टाकलं तरी पुढे येत नाही. काही मासे मार खाऊन मरत नाहीत, उपाशी राहून मरतात. म्हणून अंगावर जखम नाही याचा अर्थ त्रास नाही असा होत नाही. पोट आत गेलंय का, डोक्यामागची पाठ बारीक झाली आहे का, तेही बघा.

तुमच्याकडे नेमका कोणता डॅमसेल आहे?

उपाय चालेल की नाही, हे बरंचसं यावर ठरतं. या कुळात ४०० हून जास्त जाती आहेत. क्लाऊन मासेही याच कुळातले. दुकानात मात्र सगळ्यांना "निळा डॅमसेल" किंवा "पट्टेवाला" एवढंच म्हणतात आणि गडबड तिथेच सुरू होते. निळ्या अंगाचे निदान तीन वेगवेगळे मासे एकाच नावानं विकले जातात.

अंग निळं, शेपटी स्वच्छ पिवळी, पोट निळंच, असा असेल तर तो येलोटेल, क्रिसिप्टेरा पॅरासेमा. सहा-सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो. घरच्या टँकसाठी या कुळातून एकच निवडायला सांगितलं तर मी हाच सांगेन. तोही आपली जागा राखतो, पण एक-दोनदा हुसकावून गप्प बसतो. पोटापासून खालचा भाग आणि शेपटी दोन्ही पिवळी असतील तर तो अझ्युर, क्रिसिप्टेरा हेमिसायनिया. तोही तसा शांत. मात्र पोटावरचा पिवळा रंग न बघता लोक त्याला येलोटेल समजून घेतात.

डोक्यापासून शेपटीपर्यंत लखलखीत निळा, तोंडापासून डोळ्यातून जाणारी काळी रेघ, तो ब्लू डेव्हिल, क्रिसिप्टेरा सायनिया. साधारण आठ सेंटिमीटर. वरच्या तक्रारीतला निळा बहुतेक वेळा हाच असतो. मादीच्या पाठीच्या पंखाच्या मागच्या टोकाशी, बुडाजवळ, एक छोटा काळा ठिपका असतो आणि शेपटी पारदर्शक असते. काही समुद्रभागांतल्या नराची शेपटी नारिंगी असते, त्यामुळे तोही येलोटेलच्या नावावर खपतो. नर जास्त तापट. एक गंमत बघा: घाबरला की हा मासा क्षणात काळपट होतो आणि दगडाच्या फटीत सावलीसारखा दिसेनासा होतो. सोडल्यावर काळा पडला म्हणून आजारी समजू नका, थोड्या वेळानं रंग परत येतो.

काळ्या-पांढऱ्यांची गोष्ट वेगळी. तीन काळे पट्टे आणि शेपटी पांढुरकी, तो थ्री स्ट्राईप, डॅसिलस अरुआनस. लक्षद्वीपच्या प्रवाळांतही तो राहतो. शेपटीच्या टोकालाही काळा पट्टा असेल तर तो फोर स्ट्राईप, डॅसिलस मेलॅन्युरस. पूर्ण काळा, कपाळावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक पांढरा ठिपका, तो डॉमिनो, डॅसिलस ट्रायमॅक्युलाटस. दुकानात हा बोटाच्या पेराएवढा असतो, मखमलीसारखा काळा, बघताक्षणी घ्यावासा वाटतो. तोच पुढे १३-१४ सेंटिमीटरचा जाड मासा होतो, ठिपके पुसट होतात, आणि टँकमध्ये हात घातला तर हाताला येऊन टोचतो. २ बाय १ बाय १ फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं, दगड आणि वाळू घातल्यावर त्याहूनही कमी. त्यात डॉमिनो ठेवून दुसरा मासा जगवणं जमत नाही. दगड हलवून, आरसा लावून (हे उपाय पुढे येतात) हा प्रश्न सुटेल अशी आशा मी कोणाला दाखवत नाही.

मालवण-कारवारच्या खडकांत दिसणारा काळ्या पट्ट्यांचा, पिवळसर पाठीचा सार्जंट, म्हणजे अबुडेफडफ, त्याहून मोठा. त्यातली एक जात वीस सेंटिमीटरपर्यंत जाते. सहलीला जाऊन डबक्यातलं पिल्लू पकडून आणण्याचा मोह टाळा. आणि किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ असलेला दगड तर उचलूच नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली प्रवाळांना सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण आहे.

हे मासे वाईट स्वभावाचे म्हणून असं वागतात, असं मला वाटत नाही. प्रवाळाच्या एका ठोकळ्याभोवतीची हातभर जागा हेच त्यांचं सगळं: खाणं, निवारा, अंडी. स्टेगॅस्टेस नावाचे काही डॅमसेल तर दगडावरच्या शेवाळाचा तुकडा राखतात, नको असलेलं शेवाळ उपटून टाकतात आणि स्वतःपेक्षा मोठ्या माशांना तिथून पळवतात. समुद्रात पळवलेला मासा दोन-चार मीटर लांब गेला की भांडण संपतं. तीन फुटी टँकमध्ये त्याला जायला जागाच नसते. डॅमसेलच्या बाजूनं बघितलं तर घुसखोर रोज परत येतोय.

आणि त्याला मालक केलं कोणी? नवा टँक मुरायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करणारे जिवाणू तोवर वाढत असतात. त्या काळात "दोन डॅमसेल टाका, स्वस्त आहेत, मरत नाहीत" हा सल्ला बरीच वर्षं दिला जातोय. मला तो सल्ला मुळातच पटत नाही. माशाला अमोनियात ठेवायचं कारण नाही. अमोनियम क्लोराईडचे थेंब किंवा कोळंबीचा तुकडा टाकूनही टँक मुरतो. शिवाय मुरवून झाल्यावर तो डॅमसेल तिथंच राहतो, आणि तेवढ्या आठवड्यांत प्रत्येक दगड, प्रत्येक फट त्याची झालेली असते.

आता काय करायचं

सगळ्यांत आधी नवा मासा घेणं थांबवा. मार खाल्लेला मासा जाळीच्या डब्यात घालून त्याच टँकमध्ये टांगा, किंवा क्वारंटाईन टँकमध्ये हलवा. पाणी स्वच्छ असेल तर फाटलेले पंख आपोआप भरून येतात. लगेच औषध ओतू नका. तांब्याचं औषध तर मुख्य टँकमध्ये कधीच नाही, कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सगळं त्यात जातं.

मग दांडगाई करणाऱ्याला पकडायचं. लोक इथंच हात टेकतात. जाळी घेऊन पाठलाग केला तर तो फटीत शिरतो आणि बाकीचे मासे उगाच घाबरतात. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्या, मानेखालून कापा, तो नरसाळ्यासारखा भाग उलटा करून बाटलीतच बसवा. बाटलीला बारीक भोकं पाडा, आत थोडे खडे घाला म्हणजे ती बुडेल. एक दिवस टँकला खाणं देऊ नका. मग बाटलीत कोळंबीचा तुकडा घालून ती डॅमसेलच्या दगडाजवळ ठेवा. डॅमसेल धीट असतो, नव्या वस्तूची पाहणी करायला बहुतेक वेळा तोच आधी येतो, आणि त्याचा हा स्वभाव आपल्या कामी येतो. पहिल्या दिवशी तोंडाशी येऊन परत गेला तर निराश होऊ नका, बाटली तिथंच राहू द्या आणि खाणं तिच्यातच द्या.

दुसरी युक्ती त्याच्या सवयीवरचीच. धोका वाटला की तो आपल्या ठरलेल्या फटीतच जातो. लाईट गेल्यावर टॉर्चनं बघा, तो त्याच फटीत निजलेला असतो. तो दगड हळूच उचलून तसाच टँकच्या पाण्यानं भरलेल्या बादलीत ठेवा. बरेचदा मासा दगड पाण्याबाहेर येईपर्यंत आतच राहतो. हेही जमलं नाही तर अर्धं पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढून घ्या, पाणी उथळ झालं की दोन जाळ्यांनी पकडता येतो. तेच पाणी परत भरा.

पकडलेला डॅमसेल सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) किंवा वेगळ्या टँकमध्ये दोन आठवडे ठेवा. त्याच काळात मुख्य टँकमधले दगड पूर्ण नव्या पद्धतीनं लावा. एखादा दगड सरकवून उपयोग नाही. ढीग डावीकडे होता तर दोन ढीग करा, मधे मोकळी वाट ठेवा, एका ढिगावरून दुसऱ्यामागचा मासा दिसणार नाही अशी आड तयार करा. प्रत्येक माशामागे निदान दोन फटी असाव्यात. नवा मासा याच काळात सोडा आणि त्याला घर शोधू द्या. खाणं नीट घ्यायला लागला, दिवसा मोकळा फिरायला लागला, की मग डॅमसेल परत आणा. आता नवखा तो असतो.

परत आणतानाही थेट सोडू नका. पारदर्शक, भोकं पाडलेला डबा टँकच्या काचेला आतून टांगा आणि त्यात त्याला तीन ते सात दिवस ठेवा. असा डबा तयार मिळतो. घरी करायचा तर अन्न ठेवायच्या जाड पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला सळई तापवून भोकं पाडा, कडा घासून गुळगुळीत करा आणि लोखंडी स्क्रू किंवा तार वापरू नका, खाऱ्या पाण्यात गंजते. दोघं एकमेकांना बघतात, पण मारू शकत नाहीत. पहिल्या दिवशी डब्याच्या भिंतीवर धडका बसतात. त्या कमी होऊन दोघांनी एकमेकांकडे दुर्लक्ष केलं, एकाच वेळी खाणं घेतलं, की डबा उघडा. सातव्या दिवशीही धडका चालूच असतील तर उघडू नका, ही जोडी जमणारी नाही.

हाच डबा उलट्या कामालाही येतो: डॅमसेल पकडताच आला नाही तर नवा मासा डब्यात ठेवा.

आरशाचा उपाय अनेक जण सांगतात. टँकच्या बाहेरून एका बाजूला छोटा आरसा लावला की डॅमसेल स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत राहतो आणि नव्या माशाला उसंत मिळते. दोन-तीन दिवस, दिवसातून काही तास, एवढ्यापुरता तो ठीक आहे. त्यापुढे डॅमसेल स्वतःच थकतो आणि खाणं सोडतो. मुख्य उपाय म्हणून मी आरसा सुचवत नाही.

खाण्याचं मात्र मनावर घ्या. दिवसातून एकदाच भरपूर टाकण्याऐवजी दोन-तीनदा थोडं-थोडं टाका आणि एकाच जागी टाकू नका. एक चिमूट डॅमसेलच्या बाजूला, तो त्यात गुंतला की दुसरी चिमूट विरुद्ध कोपऱ्यात. बाजारात कारवार-गोव्याकडून येणारी ताजी कोळंबी चालते. ती सोलून, नुसत्या पाण्यानं नीट धुऊन, बारीक चिरून फ्रीजरमध्ये ठेवा. हळद-मीठ लावलेली अजिबात नको. नुसत्या कोळंबीवर मात्र ठेवू नका. डॅमसेल समुद्रात तरंगते सूक्ष्म जीवही खातो आणि शेवाळही, तेव्हा स्पिरुलिना असलेले दाणे आणि फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आलटून-पालटून द्या.

शांत टँक अचानक बिघडला तर

सगळं नीट चाललेलं असतं आणि एका सकाळी डॅमसेल सगळ्यांवर तुटून पडतो. अशा वेळी पाण्याआधी दगड तपासा. नर एखादी सपाट जागा, पाईपचा तुकडा किंवा दगडाची छत तोंडानं घासून साफ करतो, मादीसमोर वर-खाली उसळ्या मारतो, आणि मग तिथं बारीक लांबट अंड्यांचा थर दिसतो. राखण नर करतो, पंखांनी वारा घालतो, खराब झालेली अंडी उचलून टाकतो. तीन-चार दिवसांत अंड्यांत चंदेरी डोळे चमकायला लागतात आणि रात्री अंधारात पिल्लं बाहेर पडतात. त्यानंतर राग ओसरतो. या दिवसांत दगडांना हात लावू नका, नवा मासा आणू नका, बाकीच्यांना दुसऱ्या बाजूला खाऊ घाला. मात्र चांगलं खाणं मिळत असेल तर जोडी पुन्हा पुन्हा अंडी घालते. म्हणजे दर काही दिवसांनी हेच. लहान टँकमध्ये जोडी ठेवायचीच असेल तर ती एकटीच ठेवा, बघण्यासारखं तेही पुष्कळ असतं.

दुसरं कारण आपल्या हवेचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून त्याच तापमानाच्या पाण्यात किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के कमी ऑक्सिजन विरघळतो. एरवी ते जाणवत नाही. पण पावसाळ्यात वीज गेली, वेव्हमेकर (पाणी फिरवणारा पंप) आणि स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र) बंद पडले, की सगळे मासे वरच्या थरात गोळा होतात, नेमका जिथं मार खाणारा मासा लपलेला असतो तिथं. वीज आल्यावर राग सगळा त्याच्यावर निघालेला दिसतो. बॅटरीवर आपोआप चालू होणारा एअर पंप लावा, किंवा घरचा इन्व्हर्टर असेल तर निदान एक वेव्हमेकर त्यावर घ्या. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारवा टँकपर्यंत पोचतो. पाणी २४ ते २७ अंशांत स्थिर हवं. गारठलेला नवा मासा सुस्त होतो आणि सुस्त मासा आधी मार खातो. आणि उन्हाळ्यात उडून गेलेलं पाणी भरताना साधं आरओचं पाणी भरा, मिठाचं नको. वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहतं.

काढून टाकायची वेळ

डॉमिनो, मोठा झालेला थ्री स्ट्राईप, डब्यात सात दिवसांनीही न शमणारा ब्लू डेव्हिल, यांना दुसरं घर शोधा. मोठा टँक असलेल्या, ट्रिगरसारखे दणकट मासे पाळणाऱ्या माणसाकडे ते मजेत राहतात. दुकानदार परत घेतात, पैसे मिळाले नाहीत तरी द्या. चोर्ला घाट उतरून समुद्रात नेऊन सोडणं हा काही पुण्याचा मार्ग नाही. परक्या समुद्रातला मासा रोगही घेऊन जातो. नियोपोमासेंट्रस सायनोमॉस हा आपल्या बाजूच्या समुद्रांतला छोटा डॅमसेल २०१३ मध्ये मेक्सिकोच्या आखातात आढळला आणि आता तिथं पसरला आहे. तो तिथं कसाही पोचला असो, हे मासे नव्या ठिकाणी किती लवकर बस्तान बसवतात हे त्यावरून कळतं. आणि राकसकोपच्या किंवा मलप्रभेच्या गोड्या पाण्यात सोडलात तर तो तडफडून मरेल.

पुढच्या वेळी टँक भरताना क्रम असा ठेवा: आधी बुजरे मासे, गोबी, ब्लेनी, फायरफिश. मग ऑसेलॅरिस क्लाऊनची जोडी. प्रत्येक खेपेत दोन-तीन आठवड्यांचं अंतर. डॅमसेल अगदी शेवटी, लहान आकाराचा, आणि शक्यतो येलोटेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं क्लाऊनबरोबरच डॅमसेलच्या काही जातींचीही हॅचरीत पैदास करून दाखवली आहे, तेव्हा मासा पकडून आणलेला आहे की पैदाशीचा, हे दुकानात विचारा. समुद्रातल्या माशापेक्षा पैदाशीचा मासा दाणे लवकर घेतो.

हिरवट-निळ्या क्रोमिसचा थवा हा "शांत डॅमसेल" म्हणून सुचवला जातो. तो इतरांना त्रास देत नाही हे खरं, पण आपसात उतरंड लावतो. सहा-सात आणले तर सगळ्यांत खालचा आधी मार खातो, मग त्याच्यावरचा, आणि वर्षभरात एक-दोनच उरतात. अंगावर लालसर चट्टा दिसला तर तो बऱ्याचदा युरोनेमा परजीवी, तो मासा त्याच दिवशी वेगळा करा. चार फुटांहून लहान टँकसाठी क्रोमिसचा थवा मी कोणाला घ्यायला सांगत नाही.